उत्तर कोणाचे?
वर्गातील मानसशास्त्रीय निरीक्षणाविषयी थोडेसे

चैत्रात सप्तशृंगगडाच्या यात्रेसाठी खानदेशातून पायी येणाऱ्या यात्रेकरूंची रीघ लागली म्हणजे आपल्या वणीत पूर्वी हमखास नंदीबैल येत असे. आता तो क्वचितच दृष्टीस पडतो. परंतु आपणांपैकी बहुतेकांनी लहानपणी तो पाहिलेला असेल. पाठीवर रंगीत झूल, शिंगांना गोंडे, गळ्यात घुंगुरमाळ. धनी गुबुगुबु वाजवीत विचारतो, "यंदा पाऊस पडेल का?" बैल मान डोलावतो. "घरधनिणीचे दुखणे बरे होईल का?" पुन्हा मान डोलते. पाहणारा शेतकरी हसतो आणि सुपातले धान्य नंदीवाल्याच्या झोळीत घालतो. पण बैलाला पावसाचे ज्ञान आहे असे तो मानीत नाही. ठेका बदलला की मान हलवायची एवढेच बैल शिकलेला आहे, हे साऱ्या गावाला ठाऊक असते.

बैलाच्या बाबतीत जी सावधगिरी अक्षरशत्रू शेतकरीही बाळगतो, ती वर्गात शिरल्यावर आपण शिक्षक बाळगतो काय? "समजले ना?" असे आपण विचारतो, चाळीस माना डोलतात आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो. मुलाचे उत्तर खरोखर मुलाचे किती आणि आपल्या ठेक्याचे किती, हे ओळखण्याची रीत म्हणजेच मानसशास्त्रातील संशोधनपद्धतीचा गाभा होय. प्रस्तुत लेखात त्या रीतीचा, आणि ती समजण्यासाठी आवश्यक तेवढाच मज्जासंस्थेचा परिचय करून देण्याचे योजिले आहे.

अध्यापनाच्या पदविकेसाठी आपण सर्वांनीच मानसशास्त्राच्या व्याख्या पाठ केल्या आहेत. प्रारंभी ते आत्म्याचे शास्त्र होते, मग मनाचे झाले, पुढे वर्तनाचे झाले, इत्यादी. परीक्षेपुरते ते ठीक. कामाची गोष्ट एवढीच की मन कोणासही दिसत नाही. दिसते ते वर्तन: मूल बोलते, लिहिते, गप्प बसते, खिडकीबाहेर पाहते. या वर्तनावरून आत काय चालले असेल याचा आपण तर्क करतो. तर्क करणे अपरिहार्यच आहे. मात्र एकाच वर्तनाच्या मागे अनेक कारणे असू शकतात, आणि मनात आलेले पहिले कारण बहुधा आपल्या सोयीचे असते.

आत आणि बाहेर यांमधला दुवा म्हणजे मज्जासंस्था. हल्लीच्या पाठ्यपुस्तकांत तिला चेतासंस्था म्हणतात. आम्हां जुन्या मंडळींच्या तोंडी पहिला शब्द बसला आहे, इतकेच. मेंदू व मज्जारज्जू हा तिचा मध्यवर्ती भाग, आणि तेथून सर्व शरीरभर गेलेले मज्जातंतू हा दुसरा. प्रौढ माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १,३०० ते १,४०० ग्रॅम असते आणि त्यात सुमारे ८,६०० कोटी मज्जापेशी असतात, असे २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका गणनेत आढळून आले. शरीराच्या वजनाच्या अवघ्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा हा अवयव विश्रांतीच्या काळात शरीरातील ऊर्जेचा सुमारे पाचवा हिस्सा खर्च करतो. वाढत्या मुलात हा वाटा याहूनही बराच मोठा असतो. सकाळी न जेवता शाळेत आलेल्या मुलाच्या अवधानाविषयी तक्रार करण्यापूर्वी हे लक्षात ठेवलेले बरे.

शेतात अनवाणी चालताना बाभळीचा काटा रुतला, तर पाय आधी उचलला जातो आणि "आई गं" मागून निघते. पाय उचलण्याचा हुकूम मज्जारज्जूतूनच परत आलेला असतो. मेंदूस वर्दी नंतर मिळते. हिलाच प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात. आणखी एक अनुभव आठवून पाहावा. काट्याची पहिली टोचणी तीक्ष्ण आणि क्षणिक असते, आणि ठसठस थोड्या वेळाने सुरू होते. याचे कारण असे की दोन्ही वेदना निरनिराळ्या तंतूंवरून येतात. पहिली आवरण असलेल्या जलद तंतूंवरून, आणि दुसरी सेकंदास जेमतेम एक मीटर चालणाऱ्या बारीक, आवरणहीन तंतूंवरून.

मज्जातंतूंतील संदेशास वेळ लागतो, ही गोष्ट पूर्वी कोणी मनावर घेतली नव्हती. योहानेस म्युलर या नामांकित जर्मन शरीरशास्त्रज्ञाचे मत असे होते की हा वेग मोजणे मनुष्यास कधीच साधणार नाही. त्यांचेच शिष्य हेर्मान हेल्महोल्ट्झ यांनी १८५० च्या सुमारास बेडकाच्या मज्जातंतूवर तो मोजून दाखविला. त्यांची युक्ती साधी होती. तंतूला एकदा स्नायूजवळ आणि एकदा स्नायूपासून दूर चेतना द्यावयाची, दोन्ही वेळा स्नायू आकुंचन पावण्यास लागलेला काळ मोजावयाचा आणि वजाबाकी करावयाची. वेग निघाला सेकंदास सुमारे २७ मीटर, म्हणजे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास. मनुष्याच्या जलद तंतूंत तो याहून कितीतरी अधिक असतो. तरी विजेच्या तारेशी त्याची तुलना होऊ शकत नाही.

हाच प्रयोग, बेडकाला न दुखविता, आपल्या शाळेच्या पटांगणात करता येतो आणि तो अवश्य करावा. तीस मुले डोळे मिटून एका रांगेत उभी करावीत. प्रत्येकाने पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवावा. शेवटच्या मुलाच्या खांद्यावर शिक्षकाने दाबावे. ज्याचा खांदा दाबला गेला त्याने लगेच पुढच्याचा खांदा दाबावा. सर्वांत पुढच्याने "आला" म्हणून हात वर करावा. मोबाइलवरील घड्याळाने वेळ मोजावी आणि तिसाने भागावे. एका मुलास लागणारा काळ बहुधा पाव सेकंदाच्या आसपास भरतो. आता मुले बसवून खांद्याऐवजी घोटा दाबण्याची व्यवस्था करावी. घोट्यापासून मेंदूचे अंतर खांद्यापेक्षा सुमारे एक मीटर अधिक. संदेशाचा वेग सेकंदास पन्नास मीटर धरला तर प्रत्येक मुलामागे सेकंदाचा केवळ पन्नासावा भाग वाढेल, जो मोजण्याची सोय आपल्याजवळ नाही. परंतु तीस मुलांची बेरीज अर्ध्या सेकंदाहून अधिक होते आणि ती साध्या घड्याळावरही दिसू शकते.

येथेच संशोधनपद्धतीचा पहिला धडा मिळतो. समजा, आपण खांद्याचा प्रयोग पाच वेळा केला आणि मग घोट्याचा पाच वेळा. तोवर मुले सरावलेली असतात आणि घोट्याचा काळ कमी भरण्याचा संभव असतो! मग घोट्याचा रस्ता जवळचा असे म्हणावयाचे काय? सरावाचा परिणाम आणि अंतराचा परिणाम एकमेकांत मिसळले, एवढाच त्याचा अर्थ. यास्तव एकदा खांदा, एकदा घोटा, असे आलटून पालटून करावयाचे, आणि दोन्ही वेळी मुलांनी बसलेलेच असावयाचे. ज्या गोष्टीचा परिणाम पाहावयाचा ती एकच बदलावी, बाकी सर्व सारखे ठेवावे, एका मोजणीवर विसंबू नये. प्रयोगशाळेची मोठी यंत्रे नंतर येतात. ही शिस्त आधी.

आता नंदीबैलाकडे परत येऊ. मात्र यावेळी तो बैल नसून घोडा आहे आणि त्याचा धनी आपल्याच व्यवसायातला, गणिताचा निवृत्त शिक्षक आहे. बर्लिनमधील विल्हेल्म फोन ओस्टेन यांनी हान्स नावाच्या आपल्या घोड्यास कित्येक वर्षे फळा, मणी व पाट्या घेऊन अत्यंत सोशिकपणे शिकविले. विचारलेल्या बेरजेचे, वजाबाकीचे, अपूर्णांकांचेसुद्धा उत्तर घोडा खुराने ठोके देऊन सांगे. नंदीवाल्याला आपली युक्ती ठाऊक असते. फोन ओस्टेन यांना ती ठाऊक नव्हती. ते पैसे घेत नसत, आणि घोड्याला गणित येते अशी त्यांची मनापासून श्रद्धा होती. १९०४ साली तज्ज्ञांच्या समितीने तपासणी करून लबाडी आढळत नाही असा निर्वाळाही दिला. धनी दूर असतानाही, परक्या माणसाने प्रश्न विचारल्यास घोडा बरोबर उत्तर देई!

ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने त्यानंतर जे केले ते शिक्षकाने नीट समजून घेण्यासारखे आहे. त्याने दोनच गोष्टी बदलल्या. पहिली अशी की विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल अशी योजना केली. घोड्याची उत्तरे जवळजवळ सर्व चुकू लागली. दुसरी अशी की घोड्यास झापडे लावून विचारणारा त्याला दिसणार नाही असे केले. पुन्हा तेच. मग त्याने घोड्याकडे पाहणे सोडून विचारणाऱ्याकडे पाहिले. प्रश्न विचारल्यावर माणूस खुराकडे पाहण्यासाठी किंचित पुढे झुके. बरोबर आकडा येताच त्याचे डोके नकळत किंचित वर जाई. घोडा ते टिपून थांबे. हे कळल्यावरही फुंग्स्टला स्वतःची ती हालचाल सहजासहजी आवरता येईना. त्याचे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. हान्सला गणित येत नव्हते, परंतु माणसाचा चेहरा त्याला असा वाचता येत होता की त्यापुढे समितीतील विद्वान कमी पडले.

सात वर्षांचे मूल घोड्याहून कितीतरी हुशार असते. बाई "त्रेसष्ट भागिले सात?" असे विचारतात, मूल "आठ..." म्हणता म्हणता बाईंच्या भुवया पाहते आणि "नऊ" म्हणते. बाई "शाब्बास" म्हणतात. मुलाने लबाडी केली नाही, बाईंनीही नाही.

या ठिकाणी माझी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. दिंडोरी तालुक्यातील एका शाळेत मी तिसरीच्या वर्गावर असताना द्राक्षबागांच्या कामासाठी सुरगाण्याकडून आलेल्या कुटुंबातील एक मुलगा माझ्या वर्गात होता. घरी कोकणा बोली. समोर उभा करून विचारले तर बऱ्यापैकी उत्तरे देई. श्रुतलेखनात मात्र दाणादाण. मी फळ्याकडे तोंड करून बोलू लागलो की त्याचे लक्ष उडाले असे वाटे. मी सांगितलेल्या "साठ"चे तो पाटीवर "आठ" करी. एक सहकारी म्हणत, मुलगा मठ्ठ आहे, तुमच्या चेहऱ्यावरून अंदाजाने बोलतो. मी स्वतःस अधिक उदार समजत असे, म्हणून म्हणत असे, "भाषेची अडचण आहे, हळूहळू शिकेल." हान्सची गोष्ट तोवर मी वाचलेली होती, आणि तिने मला सहकाऱ्याच्या मताकडेच थोडे झुकविले होते, हेही कबूल करतो. तोंड दिसेनासे झाले की उत्तरे चुकतात, हे घोड्याचेच लक्षण नव्हे काय?

दीड वर्षाने मला सुचले ते पहिल्याच आठवड्यात सुचावयास हवे होते. मी समान काठिण्याची उदाहरणे घेतली. काही समोरून तोंडी विचारली, काही पाठीमागे उभे राहून, आणि काही न बोलता फळ्यावर लिहून, तो सोडवीत असताना मी वर्गाबाहेर जाऊन. समोरून बरीचशी बरोबर आली, पाठीमागून बहुतेक चुकली. परंतु फळ्यावरची, जेथे माझा चेहराच नव्हता, ती बरोबर आली. म्हणजे गणित त्याला येत होते. तो घोडा नव्हता. राहिला भाषेचा प्रश्न. चौथीतल्या एका कोकणा मुलीस पाठीमागे उभे करून तिच्याकडून घरच्या बोलीत काही सोपे प्रश्न विचारविले. तेही चुकले. म्हणजे भाषाही नव्हे. मग मी त्याच्या कानाकडे पाहिले. उजवा कान वाहत होता. डावाही लहानपणापासून अधूनमधून वाहत असे, हे त्याच्या आईने विचारल्याबरोबर सांगितले. तिला कोणी विचारलेच नव्हते.

कानाची रचना आठवल्यास पुढचे आपोआप उलगडते. ध्वनिलहरी कानाच्या पडद्यावर आदळतात. पडद्यामागील तीन चिमुकली हाडे तो कंप आतील शंखाकृती भागात पोचवितात. तेथील केसांसारख्या पेशी त्या कंपाचे मज्जासंदेशात रूपांतर करतात आणि श्रवणतंतू तो मेंदूकडे नेतो. वाहणाऱ्या कानात पडद्याला छिद्र पडलेले असते, हाडांपर्यंत कंप नीट पोचत नाही. आवाज बंद होत नाही, मंद होतो. दणदणीत स्वर ऐकू येतात. स, श, फ, थ यांसारखे निव्वळ श्वासाचे वर्ण आधी गळतात. "साठ"मधला "स" गळला की उरतो तो "आठ". त्या मुलाच्या मेंदूत काहीही उणे नव्हते. उणे होते ते वाटेवर, आणि ते तो माझ्या ओठांकडे पाहून भरून काढीत होता. माझ्या दृष्टीने जी अंदाजबाजी, ती त्याची मेहनत होती.

एका मुलावरून नियम बांधता येत नाही, आणि मी तसा बांधीतही नाही. मुद्दा असा की "तोंड दिसेनासे होताच उत्तर चुकते" या एकाच निरीक्षणाची तीन स्पष्टीकरणे होती, आणि ज्या चाचणीत तिघांची भाकिते वेगवेगळी येतील ती चाचणी केल्यावाचून निवाडा होणे शक्य नव्हते.

बुद्धिमापनाच्या शास्त्रास हीच अडचण मोठ्या प्रमाणावर भेडसावली. फ्रान्समध्ये ज्या मुलांना शिक्षणात विशेष साहाय्य हवे ती निवडण्यासाठी आल्फ्रेड बिने यांनी तेओदोर सिमाँ यांच्या सहकार्याने १९०५ साली चाचण्यांची पहिली श्रेणी रचली. शिक्षकाच्या मतावर मुलाचे भवितव्य सोपविणे त्यांना धोक्याचे वाटत होते. प्रत्येक प्रश्न प्रत्येक मुलास सारख्याच शब्दांत विचारावयाचा, सुचवावयाचे नाही, नापसंती दाखवावयाची नाही, असा या परीक्षेचा दंडक. पुढे मानसिक वयाची कल्पना आली, आणि मानसिक वयास प्रत्यक्ष वयाने भागून शंभराने गुणण्याची रीत रूढ झाली. आठ वर्षांच्या मुलाने दहा वर्षांच्या मुलास साधणारे प्रश्न सोडविल्यास बुद्धिगुणांक १२५. हा आकडा म्हणजे मुलाच्या कपाळावरचा कायमचा शिक्का नव्हे, हे स्वतः बिने बजावून सांगत. त्यांच्या कित्येक अनुयायांनी ते ऐकले नाही.

आपल्या भागात हे काम डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी केले. बिने यांच्या चाचण्यांच्या अमेरिकन आवृत्तीच्या आधारे त्यांनी मराठी व कानडी मुलांसाठी चाचण्या सिद्ध केल्या, आणि भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध झाला. बिने-कामत चाचणी या नावाने ती पुढे कित्येक दशके वापरात राहिली. असे काम म्हणजे नुसते भाषांतर नव्हे. जो प्रश्न परदेशातील सहा वर्षांच्या मुलास सोपा, तो येथील सहा वर्षांच्या मुलास सोपा असेलच असे नाही. तो कोणत्या वयाचा, हे येथल्या मुलांना विचारूनच ठरवावे लागते. आणि जे इंग्रजीकडून मराठीकडे येताना खरे, ते मराठीकडून कोकणा बोलीकडे जाताना खरे नाही काय? पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावरील मुलास प्रमाण मराठीतील चाचणी देऊन आलेला आकडा त्याच्या बुद्धीचा किती आणि आपल्या भाषेचा किती, हे सांगता येणार नाही. अशा चाचण्या प्रशिक्षित तज्ज्ञानेच द्यावयाच्या असतात. आपण त्यांतून घ्यावयाचा तो सारख्या शब्दांचा आणि निर्विकार चेहऱ्याचा दंडक.

शिक्षकाच्या ग्रहाचा मुलावर परिणाम होतो काय, याविषयी रॉबर्ट रोझेन्थाल व लेनोर जेकबसन यांचे १९६८ चे अमेरिकेतील संशोधन वारंवार सांगितले जाते. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी काही मुले निवडून, ही लवकरच चमकतील असे त्यांनी शिक्षकांस सांगितले. वर्षअखेर पहिली-दुसरीतील अशा मुलांची प्रगती अधिक दिसली. भाषणांतून याचा फार गाजावाजा होतो. वस्तुतः त्यातील मापनावर तेव्हाच कडक टीका झाली, आणि नंतरच्या पुष्कळ अभ्यासांत हा परिणाम खरा परंतु बहुधा लहान असल्याचे आढळले. शिक्षकाने मनात आणले की मूल हुशार होते, असे त्यावरून म्हणू नये. मात्र ज्याला आपण मठ्ठ ठरविले त्याच्या उत्तरासाठी आपण कमी वेळ थांबतो, हे कोणीही आपल्याच वर्गात घड्याळ लावून पडताळून पाहू शकेल.

शेवटी कानाच्या एका साध्या चाचणीविषयी. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते; परंतु जून महिन्यातच शिक्षकाने प्राथमिक चाळणी केल्यास पथकाचे काम सुकर होईल. शांत खोलीत मुलास बसवावे आणि त्याच्या मागे हातभर अंतरावर उभे राहावे, म्हणजे ओठ दिसणार नाहीत. एका कानाच्या तोंडाशी असलेली पाकळी त्याच्याच बोटाने दाबून गोल चोळावयास सांगावी. आपण श्वास सोडून मग कुजबुजत अंक व अक्षरे मिसळून तीन उच्चारावीत, जसे "चार, म, सात", आणि त्याने ती परत म्हणावीत. चुकल्यास निराळी तीन द्यावीत. सहापैकी निम्मी तरी बरोबर आली पाहिजेत. मग दुसरा कान. प्रत्येक मुलासाठी तीच अक्षरे वापरू नयेत, कारण रांगेतील मुले ऐकत असतात. बोली वेगळी असलेल्या मुलास ती अक्षरे व अंक आधी समोरून म्हणता येतात याची खात्री करून घ्यावी. नाहीतर कानाऐवजी भाषेचीच परीक्षा होईल. जे मूल कमी पडेल त्याची आठवड्याने पुन्हा परीक्षा घ्यावी, कारण सर्दीनेही कान तात्पुरता बसतो. दुसऱ्यांदाही कमी पडल्यास पालकांना बरोबर घेऊन ग्रामीण रुग्णालयात पाठवावे. कानात तेल घालू नये आणि वाहता कान कोरडा ठेवावा, हे पालकांना तेव्हाच सांगावे. दरम्यान त्या मुलास पुढच्या बाकावर, उजेड आपल्या तोंडावर पडेल अशा बाजूस बसवावे, आणि फळ्यावर लिहीत असताना बोलू नये.

ज्या शाळा ही चाळणी करतील त्यांनी तपासलेल्या मुलांची संख्या, पहिल्यांदा व दुसऱ्यांदा कमी पडलेल्यांची संख्या, आणि त्यांपैकी कोणाविषयी आपण पूर्वी "लक्ष देत नाही" असा शेरा लिहिला होता, हे एका कागदावर मांडून केंद्राच्या शिक्षण परिषदेस आणावे. मुलांची नावे लिहू नयेत.